विद्यार्थी परिषदेचे दप्तर

विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत पद घेऊ पाहणाऱ्या तरुणाला आपल्याकडे उपदेशकांची वाण कधीच नसते. घरची वडीलधारी माणसे सांगतात की अभ्यास सोडून या भानगडीत पडू नकोस. प्राचार्य, ते सौम्य वृत्तीचे असतील तर, सांगतात की स्नेहसंमेलन नीट पार पाड आणि बाहेरचे राजकारण आत आणू नकोस, म्हणजे तुझे आणि आमचे वर्ष सुखात जाईल. आणि एखाद्या पक्षाचा शहराध्यक्ष, ज्याची नजर या मुलापेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोनचारशे मुलांवर अधिक असते, तो पाठीवर हात ठेवून म्हणतो की पुढारी व्हायचे तर श्रीगणेशा येथेच करावा लागतो. तिन्ही उपदेश आपापल्या जागी प्रामाणिक असतील. परंतु निवडून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परिषदेच्या खोलीत बसून नेमके काय करायचे, हे त्यांपैकी एकही उपदेशक सांगत नाही.

प्रश्न क्षुल्लक भासेल खरा, पण या पदाची सारी कुचंबणा त्यातच साठलेली आहे. मंत्र्याला खाते असते, नगराध्यक्षाला पालिकेचा नोकरवर्ग असतो, सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षाच्या हाती गाळपाचा हंगाम आणि उसाचा भाव असतो. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाच्या हाती यांपैकी काहीच नसते. परीक्षेचे वेळापत्रक तो बदलू शकत नाही, शुल्कातला रुपया कमी करू शकत नाही, वसतिगृहाच्या रेक्टरला साधी नोटीस काढू शकत नाही. त्याला हक्क आहे तो बोलण्याचा, आणि तोही बोलावले असता. समितीची बैठक अकराला असते, कार्यक्रमपत्रिका त्याच्या हाती पावणेअकराला पडते, आणि टेबलाच्या ज्या टोकाला पंख्याचे वारे पोचत नाही तेथे त्याची खुर्ची मांडलेली असते. पुनर्मूल्यांकनाच्या निकालाला होणाऱ्या विलंबाचा विषय, जो त्याने चार वेळा अर्ज करून घालून घेतलेला असतो, सातव्या क्रमांकावर असतो. पहिले सहा विषय संपेतो चहा होऊन गेलेला असतो, दोघा सदस्यांना गाडी गाठायची असते, आणि अध्यक्षमहाराज अत्यंत ममतेने म्हणतात, "विषय महत्त्वाचा आहे, घाईत उरकायला नको, परीक्षा विभागाकडून माहिती मागवू आणि पुढच्या बैठकीत सविस्तर घेऊ." इतिवृत्तात एक ओळ पडते, की विषय तहकूब करण्यात आला. पुढची बैठक भरते तेव्हा या मुलाची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असते. त्याच्याही पुढची भरते तेव्हा त्या खुर्चीवर दुसराच मुलगा बसलेला असतो, आणि असा विषय कधी निघाला होता याची त्याला वार्ताही नसते.

येथे कोणी दुष्टावा केला आहे असे समजण्याचे कारण नाही. विद्यापीठाचे कार्यालय चिरंजीव आहे आणि विद्यार्थी परिषद वर्षायू आहे, एवढ्या एका वस्तुस्थितीतून हे सारे निष्पन्न होते. कुलसचिवांच्या कार्यालयातला एखादा अधीक्षक वीस-पंचवीस वर्षे त्याच खात्यात मुरलेला असतो; कोणत्या परिपत्रकाने कोणते परिपत्रक रद्द झाले, कोणता ठराव कोणत्या कलमावर जाऊन अडतो, कोणता कागद नुसता ठेवून दिला असता आपोआप निर्जीव होतो, हे सर्व त्याला मुखोद्गत असते. त्याच्यासमोर जो एकवीस वर्षांचा पदाधिकारी उभा राहतो त्याच्यापाशी उत्साह असतो, वक्तृत्व असते, क्वचित असामान्य बुद्धीही असते. पण मागच्या वर्षी काय ठरले हे सांगणारा कागद त्याच्यापाशी नसतो. जिमखान्याच्या खोलीतले जे कपाट परिषदेचे म्हणून दाखवले जाते त्याची किल्ली शिपायाकडून मागून घ्यावी, आणि उघडून पाहावे: फुटका कॅरम बोर्ड, दोन ढाली, कोणत्याशा युवक महोत्सवाचे उरलेले बिल्ले, मळकट बॅनरची गुंडाळी आणि पावती-पुस्तकांची अर्धी फाडलेली स्थळप्रत. ठरावांची वही, पत्रव्यवहाराची फाइल, मागील पदाधिकाऱ्यांचे टिपण यांपैकी काहीही त्यात सापडायचे नाही.

माझे म्हणणे असे आहे की विद्यार्थी परिषदेतील नेतृत्व, या पदाला जेवढा म्हणून अर्थ आहे तेवढ्या अर्थाने, प्रामुख्याने दप्तर सांभाळण्याचे नेतृत्व आहे. हे विधान तरुणांना निरुत्साही वाटेल आणि पुढाऱ्यांना हास्यास्पद; पण ज्याच्यापाशी सत्ता नाही, पैसा नाही आणि कालावधीही नाही, त्याच्यापाशी लेखी स्मृतीखेरीज दुसरे कोणते बळ उरते याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले माझ्या पाहण्यात नाही.

विद्यार्थ्यांपाशी खरीखुरी सत्ता असण्याचा काळ इतिहासात होऊन गेलेला आहे. मध्ययुगीन बोलोन्यात, जेथील विद्यापीठ युरोपात सर्वांत प्राचीन मानले जाते, विद्यार्थ्यांचे संघ स्वतःचा प्रमुख निवडीत, अध्यापकांचे वेतन ठरवीत, आणि घंटा झाल्यावर उशिरा येणाऱ्या किंवा नेमलेल्या मुदतीत पाठ पुरा न करणाऱ्या अध्यापकाला दंड करीत. (ही वहिवाट आज चालू असती तर आपल्या कित्येक महाविद्यालयांचा जमाखर्च केवळ दंडाच्या रकमेवर भागला असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.) परंतु बोलोन्याच्या त्या संघांपाशी लेखी नियम होते, लेखी नेमणुका होत्या, ठेवी होत्या, त्यांची सत्ता कागदावर उभी होती म्हणूनच टिकली. आपली विद्यापीठे मात्र लंडनच्या धर्तीवर 1857 साली जन्माला आली ती परीक्षा घेणारी कचेरी म्हणून, आणि कचेरीच्या व्यवस्थेत विद्यार्थ्याला अर्जदाराखेरीज दुसरी भूमिका नव्हती. प्रतिनिधित्वाची कल्पना पुढे हळूहळू आली, आणि आली तीही पाहुण्यासारखी.

महाराष्ट्रात तर त्या पाहुण्याला मधूनच घराबाहेर काढण्यात आले. 1980 च्या दशकात मुंबईसारख्या शहरात महाविद्यालयीन निवडणुकांना जे स्वरूप आले होते ते कोणत्याही पालकाला धडकी भरवणारे होते. मारामाऱ्या, पळवापळवी आणि 1989 मध्ये तर एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खूनही झाला. त्यामुळे खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने त्यांच्या जागी गुणवत्तेचे तत्त्व आणले: मागील परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी तो वर्गाचा प्रतिनिधी, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, सांस्कृतिक कार्य यांतून प्राचार्यांनी नेमलेले काही, प्राचार्यांनीच नेमलेल्या दोन विद्यार्थिनी, आणि या साऱ्यांच्या शिरोभागी परिषदेचे अध्यक्ष म्हणून स्वतः प्राचार्य. भीतीपोटी घेतलेला निर्णय समजू शकतो. पण त्याला तत्त्वाचा मुलामा देण्यात आला तो समजणे कठीण आहे. गुणपत्रिकेत पहिला येणारा मुलगा बुद्धिमान असेल यात संदेह नाही, परंतु त्याला कोणी पाठवलेले नसते, म्हणून त्याला कोणाकडे परत जाऊन हिशेब द्यावा लागत नाही. प्रतिनिधी आणि गुणवंत यांतला भेद हाच आहे. मेसमध्ये मुले त्याला अडवून "आमच्या अर्जाचे काय झाले?" असे विचारू शकत नाहीत, कारण त्यांचे मत त्याने मागितलेलेच नसते, आणि ज्याला कोणी विचारत नाही तो उत्तर लिहून ठेवण्याचे कष्ट कशाला घेईल? वीसहून अधिक वर्षे ही पद्धत चालली, आणि परिषदेच्या कपाटातून कागद नाहीसे झाले ते माझ्या मते याच काळात.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने, जो 1 मार्च 2017 पासून अंमलात आला, अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्गप्रतिनिधी ही पदे मतदानाने भरण्याची तरतूद पुन्हा केली. 2019 मध्ये निवडणुकांची तयारी झाली, त्या पुढे ढकलल्या गेल्या, मागोमाग कोरोनाची साथ आली, आणि कायद्यातली तरतूद वर्षानुवर्षे कायद्यातच राहिली. दरम्यान 2017 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे एकाएकी ठरवले, निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेली मुले गुणपत्रिकेसाठी विद्यापीठाच्या कालिना संकुलाच्या फेऱ्या मारीत राहिली, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. या संपूर्ण काळात विद्यार्थ्यांच्या वतीने वर्तमानपत्रे बोलली, न्यायालय बोलले, पक्षांच्या विद्यार्थी संघटना बोलल्या. खुल्या मतदानाने निवडलेली विद्यार्थी परिषद मात्र बोलू शकली नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती. याच विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा आहेत आणि त्यांची निवडणूक, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन का होईना, सप्टेंबर 2024 मध्ये झाली. म्हणजे जो विद्यापीठ सोडून गेला त्याला मताचा अधिकार आहे, आणि जो आज त्याच विद्यापीठाच्या बाकावर बसून शुल्क भरतो आहे त्याने मात्र परिस्थिती अनुकूल होण्याची वाट पाहायची.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दप्तरे सांभाळून जगात काय बदलले, असे विचारले जाते. विद्यार्थ्यांनी जे मिळवले ते रस्त्यावर उतरून मिळवले. डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात जेवणाचे दर वीस टक्क्यांनी वाढले, मुलांनी संप केला, आणि त्या ठिणगीतून जे नवनिर्माण आंदोलन पेटले त्यात फेब्रुवारी 1974 मध्ये गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांचे मंत्रिमंडळ गेले. गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी त्याच दशकाच्या अखेरीस बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी लढा देऊन ती पदरात पाडून घेतली. हे सर्व मान्य आहे, आणि आंदोलनाचा मार्ग बंद करावा असे येथे कोठेही सुचवायचे नाही. पण अहमदाबादच्या उदाहरणाकडे किंचित थांबून पाहिले तर त्यात एक विषाद दडलेला आहे: मेसच्या दराची तक्रार मेसच्या दराची तक्रार म्हणून ऐकून घेणारी विश्वासार्ह जागा नसली, म्हणजे ती तक्रार एका राज्याच्या सरकारपर्यंत चढत जाते, आणि तेथे पोचेतो मेसचा जमाखर्च कोण तपासणार हा मूळ प्रश्न गर्दीत कोठेतरी मागे पडतो. आंदोलने दार उघडतात. पण दारातून आत गेल्यावर हातात काही लेखी असावे लागते. 1977 साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इंदिरा गांधींनी कुलपतिपद सोडावे म्हणून त्यांच्या निवासस्थानी मोर्चा नेला, तेव्हाचे जे छायाचित्र प्रसिद्ध आहे त्यात विद्यार्थी संघाचे अध्यक्ष सीताराम येचुरी हातातल्या कागदावरून निवेदन वाचीत आहेत आणि बाई शेजारी उभ्या राहून ऐकत आहेत. बाईंनी पुढे ते कुलपतिपद सोडले. घोषणा त्याही दिवशी झाल्याच असतील. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो कागद वाचणारा मुलगा.

त्या विद्यापीठाचा उल्लेख आला आहे तर हेही सांगावे, की तेथील विद्यार्थी संघाला विद्यार्थ्यांनीच तयार केलेली घटना आहे, निवडणूक घेणारा आयोगही विद्यार्थ्यांचाच असतो, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना भर सभेत एकमेकांच्या व श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. 2008 पासून काही वर्षे तेथील निवडणुका सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे बंद होत्या, आणि 2012 मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा परंपरा तुटलेली नव्हती, याचे श्रेय त्या लिखित घटनेला द्यावे लागेल. तेथील राजकारण कोणाला रुचो वा न रुचो.

स्थगिती आली होती ती लिंगडोह समितीच्या नियमांवरून. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने 2006 मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला आदेशाचे रूप दिले. पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील भित्तिपत्रकांना मनाई, उमेदवाराची पंचाहत्तर टक्के हजेरी, सारी निवडणूक दहा दिवसांत आटोपणे, निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा तपासलेला हिशेब सादर करणे, हे सर्व नियम शहाणपणाचे आहेत. शेवटचा तर मला विशेष प्रिय आहे. पण पदाधिकारी होण्याची संधी आयुष्यात एकदाच, हा नियम मात्र मला दुधारी वाटतो. वर्षानुवर्षे विद्यापीठात ठाण मांडून बसणारे व्यावसायिक विद्यार्थी-पुढारी त्याने हटले हे खरे; परंतु ज्याला वर्षभरात काम समजू लागते त्यालाच समजण्याच्या घटकेला बाहेर काढण्याची व्यवस्थाही त्याने पक्की केली. नियम बदलण्याची मागणी करण्यापेक्षा एक वर्षाच्या मुदतीला पुरून उरेल असे काहीतरी निर्माण करणे अधिक व्यवहार्य आहे, आणि ते काहीतरी म्हणजे पुन्हा दप्तरच.

येथेच पक्षांच्या विद्यार्थी संघटनांविषयी एक अप्रिय सत्य बोलून टाकले पाहिजे. त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे, आणि ती बहुधा योग्यही असते. परंतु त्या निवडणुका जिंकतात आणि परिषदांवर हुकमत गाजवतात ती केवळ पैशाच्या व मनुष्यबळाच्या जोरावर नव्हे. त्यांच्यापाशी पूर्णवेळ कार्यकर्ते असतात, शहरात कार्यालय असते, आणि मागील दहा वर्षांत कोणत्या कुलगुरूंनी कोणते आश्वासन दिले हे सांगणारा कोणीतरी ज्येष्ठ माणूस त्या कार्यालयात बसलेला असतो. परिषदेला नसलेली स्मृती त्यांच्यापाशी असते. नवा सचिव पहिल्याच अडचणीच्या वेळी त्या माणसाकडे धावतो, माणूस सल्ला देतो, सल्ल्याची किंमत पुढे यथावकाश वसूल होते. पक्षांना विद्यापीठाबाहेर ठेवण्याच्या गर्जना करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही, की जोवर परिषदेची स्वतःची स्मृती नाही तोवर तिला ती कोणाकडून तरी उसनी घ्यावीच लागणार.

हे दप्तर म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. विद्यापीठाचा कायदा, त्याखालील परिनियम आणि चालू परिपत्रके यांची एक संचिका. शुल्काच्या पावतीवर जिमखाना, विद्यार्थी कल्याण निधी, ग्रंथालय अशी जी खाती छापलेली असतात त्यांतून प्रतिवर्षी किती रक्कम जमली आणि कशावर खर्ची पडली याची वही. आलेल्या प्रत्येक तक्रारीची तारीख, ती कोणाकडे पाठवली, उत्तर केव्हा आले, आले नसल्यास तगादा केव्हा लावला याची नोंद. आणि मुदत संपताना पुढच्या पदाधिकाऱ्यासाठी लिहिलेली चार पानांची टिप्पणी, जिच्यात कोणते विषय अर्धवट आहेत आणि ते कोणत्या टेबलावर अडले आहेत हे स्पष्ट लिहिलेले असेल. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला आहे. पण किती परिषदांच्या कपाटात त्या निकालाची प्रत आहे? सातव्या क्रमांकाचा तो विषय ज्या दिवशी तहकूब होतो त्या दिवशी एखाद्या सचिवाने शांतपणे वही उघडून सांगावे, की हा विषय अमुक तारखेला प्रथम निघाला, अमुक तारखेला माहिती मागवण्याचे ठरले, परीक्षा विभागाला अमुक क्रमांकाचे पत्र गेले, आणि त्याला उत्तर आलेले नाही. मग ममता तीच राहील, पण तहकुबी इतकी सहज होणार नाही, कारण कचेरीला घोषणेपेक्षा जावक क्रमांकाचा धाक अधिक वाटतो.

पैशाच्या बाबतीत तर ही शिस्त अधिकच कठोर असली पाहिजे, आणि ती स्वतःपासून सुरू झाली पाहिजे. स्नेहसंमेलनाचा मंडपवाला कोणाच्या ओळखीचा होता, ध्वनिक्षेपकाचे बिल अंदाजापेक्षा जास्त का झाले, जाहिरातीपोटी आलेली रोख रक्कम कोणाच्या खिशात किती दिवस राहिली, असले प्रश्न विचारले गेले म्हणजे चांगली मुलेही दुखावतात, "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणतात. विश्वासाचा येथे संबंधच नाही. कुलगुरूंना निधीचा हिशेब मागणाऱ्याच्या स्वतःच्या पावत्या जोडलेल्या नसतील, तर त्याच्या मागणीला समोरचा अधीक्षक मनातल्या मनात हसतो, आणि त्याने हसावे हेच योग्य.

कोणी म्हणेल की ही सारी कारकुनी आहे, नेतृत्व कोठे आहे? त्याला उत्तर असे, की ही कारकुनी नसेल तर नेतृत्व मूठभरांच्याच हाती राहते, कारण जे मौखिक असते ते ओळखीच्या वाटेने जाते. परिषदेचे काम कसे चालते, कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या वेळी जावे, कोणता अर्ज कोणत्या शब्दांत लिहावा, हे ज्ञान आज वसतिगृहातल्या थोरल्या मित्राकडून, जातभाईकडून, पक्षाच्या दादाकडून मिळते. ज्याला असा कोणी नाही त्याला ते मिळत नाही. 2016 च्या कायद्याने महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी ही पदे निर्माण केली ती याच लोकांसाठी, पण पद देणे आणि पद चालवता येणे यांत मोठे अंतर आहे. जिच्या घरात पदवीपर्यंत पोचणारी ती पहिलीच, जी संध्याकाळची शेवटची एसटी गाठण्यासाठी सभा अर्ध्यावर सोडते, आणि त्यामुळे जी चहाच्या टपरीवर रात्री होणाऱ्या खऱ्या निर्णयांना कधीच हजर नसते, अशा विद्यार्थिनीला परिषदेचे काम शिकण्याचा वाचून शिकण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. तिच्या आधीच्या प्रतिनिधीने वसतिगृहातल्या पाण्याविषयी, रात्रीच्या दिव्यांविषयी, तक्रार समितीच्या न झालेल्या बैठकांविषयी काय पत्रव्यवहार केला हे एका फाइलीत लावून ठेवलेले असेल, तर ती पहिल्याच आठवड्यात दुसरे स्मरणपत्र लिहू शकेल. ती फाइल नसेल तर तिला एकतर कोणा दादाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागेल, किंवा वर्षभर रांगोळी स्पर्धेचे परीक्षण करून पद भूषवावे लागेल. आणि दुसरी गोष्टच बहुधा घडते.